नऊ उपसमित्या आणि एक नवा सचिव

प्रश्न थोडक्यात असा. लघु अभियांत्रिकी उद्योगांच्या एका संघटनेचे तुम्ही यंदा पहिल्यांदाच सचिव झालात. सभासद ३५० च्या आसपास, कार्यकारिणी २१ जणांची, उपसमित्या ९. बैठकीला येतात सात-आठ. अध्यक्ष म्हणाले, "वर्षाचा आराखडा करून आणा." गेल्या वर्षीचा म्हणून जो कागद हाती आला, त्यात नुसती कार्यक्रमांची यादी: चर्चासत्र, स्नेहमेळावा, क्रिकेट सामने, सत्कार. तर सुरुवात कुठून करायची?

मी पुणे परिसरातल्या एका औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप, म्हणजे यंत्रावर धातूचे सुटे भाग घडवायचा छोटा कारखाना, चालवतो. आमच्या संघटनेत आधी खजिनदार होतो, मग चार वर्षं सचिव. जे सांगतोय ते बहुतेक चुका करून कळलेलं आहे.

आराखडा लिहायला बसू नका. आधी कपाटातून मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं काढा आणि लाल पेन घेऊन वाचा. मी पहिल्या वर्षी तेच केलं. एका अंतर्गत रस्त्याच्या गटाराचा विषय तीन वर्षांत अकरा वेळा आलेला, बहुतेकदा "आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली. प्रत्येक वेळी शेवट एकच: "याबाबत पाठपुरावा करण्याचे ठरले." जावक नोंदवहीत मात्र त्या विषयाचं पत्र एकच, आणि त्याचीही पोच नाही. अकरा वेळा ठरलं, एकदा लिहिलं, पोचलं की नाही माहीत नाही. म्हणजे दोष समोरच्या कार्यालयाचा नव्हता, आमचाच होता.

आपल्या मराठी इतिवृत्तातलं हे "ठरले" मोठं सोयीचं क्रियापद आहे. त्याला कर्ता लागत नाही. कोणी करायचं, कधीपर्यंत करायचं, हे न लिहिताही वाक्य व्याकरणात पुरं होतं. मी सचिव असताना एकच नियम केला: ठरावात माणसाचं नाव आणि तारीख नसेल, तर तो ठराव नव्हे, चर्चा, इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच लिहायचं. पहिले दोन महिने लोक चिडले. तिसऱ्या महिन्यापासून ठराव कमी झाले आणि कामं जास्त.

आता आराखडा. कार्यक्रम कधी घ्यायचा हे आपण ठरवतो, पण सभासदांच्या अडचणी ज्यांच्या हातात आहेत ते निर्णय कधी घेतात, हे आपण ठरवत नाही. म्हणून कॅलेंडरवर आधी त्यांच्या तारखा मांडा. महापालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे येतो. खात्यांची अंदाजपत्रकं त्याच्या कितीतरी आधी, पावसाळा संपता संपता जमू लागतात. रस्त्याचं निवेदन एप्रिलमध्ये वाजतगाजत दिलं, तर फोटो छान येतो, पण तरतूद पुढच्या वर्षावर जाते. तेच पत्र सप्टेंबरात रस्त्याच्या लांबी-रुंदीसह आणि पाणी साचल्याच्या फोटोंसह खात्याकडे गेलं, तर अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याचंही काम हलकं होतं.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला, बहुधा डिसेंबरात. तिथं स्थानिक आमदारांनी तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न मांडावा असं वाटत असेल, तर माहिती दिवाळीच्या सुमारासच त्यांच्या हातात हवी. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला येतो. त्यासाठीच्या सूचना नोव्हेंबरात मोठ्या चेंबर ऑफ कॉमर्समार्फत एका पानात पाठवा आणि विसरून जा. आमच्यासारख्या स्थानिक संघटनेनं त्यावर तीन बैठका घालवणं म्हणजे हौस. (अर्थसंकल्पाच्या दिवशी पडद्यावर भाषण बघायचा कार्यक्रम जरूर ठेवा. त्याला गर्दी होते.) वीजदराच्या याचिकेवर विद्युत नियामक आयोग हरकती मागवतो, तेव्हा मुदत अगदी थोडी असते. ती तारीख आधी कळत नाही, म्हणून त्या विषयाची फाईल बारमाही तयार लागते.

याहून कामाची गोष्ट म्हणजे जिल्हा उद्योग मित्र समिती. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा उद्योग केंद्र निमंत्रक, आणि संबंधित सगळ्या खात्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती. एकाच प्लॉटसमोर पाणी एमआयडीसीचं, वीज वीज कंपनीची, रस्ता-गटार महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं, अशी आपली गत असते. एकटं कुणालाही भेटा, तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या बैठकीत ते बोट दाखवायला जागा राहत नाही, कारण दुसरा शेजारीच बसलेला असतो. पण तुमचा विषय लेखी देऊन आधी विषयपत्रिकेवर यायला हवा. तिथं उभं राहून केलेली तक्रार चहाबरोबर संपते. विषयपत्रिकेवर आलेल्या विषयाचं पुढच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं.

दुसरा थर सभासदांच्या स्वतःच्या तारखांचा. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं "ब" नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत. कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरच्या पगारावर. पाच-सात माणसांच्या शॉपमध्ये हे सगळं मालकाच्या डोक्यात असतं, आणि त्याच डोक्यात उद्याचं डिस्पॅचही असतं. महिनाभर आधी संघटनेच्या कार्यालयातून दोन ओळींचा निरोप गेला, भरायचा नमुना सोबत असला, तर त्या निरोपासाठी लोक वर्गणी भरतात. आमच्याकडे वर्गणी वाढवली त्या वर्षी एकही सभासद गळाला नाही. कारण विचारलं, तर कुणीच चर्चासत्राचं नाव घेतलं नाही.

तिसरा थर, कधी काहीही ठेवायचं नाही त्याचा. मार्चचा शेवटचा पंधरवडा. गणपतीचे पहिले पाच दिवस. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, त्यापासून दिवाळी संपेपर्यंत बोनस आणि डिस्पॅच सोडून कुणाला काही सुचत नाही. जानेवारीत बंगळुरूला इमटेक्स हे यंत्रसामग्रीचं प्रदर्शन असतं, त्या आठवड्यात निम्मी कार्यकारिणी तिकडे. हे सगळं वजा करा. बारा महिन्यांतले कामाचे दहाच्या आसपास उरतात, आणि आराखडा तेवढ्याचाच करायचा.

आता त्या नऊ उपसमित्या. त्या कशा जन्मल्या असतील ते न विचारता सांगतो. निवडणुकीत नाराज झालेल्याला एक, माजी अध्यक्षांना एक, देणगी दिलेल्यांना एक. आमच्याकडे अकरा होत्या. "नियोजन व समन्वय समिती" नावाची एक होती. ती दोन वर्षांत एकदाही बसली नाही, तरी अहवालात तिचे आभार मात्र दरवर्षी.

मोडू नका, मोडायला गेलात तर वर्ष त्याच्यातच जाईल. चार चालू ठेवा, बाकीच्या तशाच असू द्या. चालू चारपैकी प्रत्येकीला एकच काम द्या आणि ते संपायची तारीख द्या. "वीज समिती" म्हणजे वीज या विषयावर आयुष्यभर बोलत राहण्याचा परवाना असं होता कामा नये. सीआयआय (भारतीय उद्योग महासंघ) नावाच्या मोठ्या संस्थेचं मूळ १८९५ साली कलकत्त्यात निघालेल्या इंजिनिअरिंग अँड आयर्न ट्रेड्स असोसिएशनमध्ये आहे. पाच कंपन्या एकत्र आल्या, आणि मुख्य मागणी एकच: सरकारी कामाच्या ऑर्डरी विलायतेला न जाता इथल्या कारखान्यांना मिळाव्यात. पाच सभासद, एक मागणी. आपल्या निवेदनांत मी बावीस मागण्या मोजल्या आहेत, त्यात विमानतळसुद्धा.

आमच्या वीज समितीचं उदाहरण सांगतो, कारण तिथंच मला समिती म्हणजे काय ते कळलं. तक्रार नेहमीची: वीज सारखी जाते. खरं तर पूर्ण जाण्यापेक्षा क्षणभराचा झटका जास्त महाग. बल्ब नुसता लुकलुकतो, पण व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचा, फिरणारा स्पिंडल थांबतो, कापणारा इन्सर्ट तुटतो, जॉब रिजेक्ट होतो. मशीन पुन्हा होमवर (मूळ जागेवर) घेऊन सुरू करेपर्यंत अर्धा तास. अधिकारी म्हणायचे, "आमच्याकडे तशी नोंद नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते. एवढा छोटा झटका त्यांच्या नोंदीत येतच नव्हता, आणि आम्ही फोनवर ओरडायचो, लिहून काही देत नव्हतो.

वीज समितीच्या निमंत्रकांनी एक साधा तक्ता छापला: तारीख, वेळ, किती वेळ, कोणतं मशीन थांबलं, काय वाया गेलं. तीस शॉपमध्ये पॅनेलशेजारी तो टांगला, शेजारी दोऱ्याला पेन बांधलं. (पेन बांधलं नसतं तर तक्ता कोराच राहिला असता.) भरायचं काम मालकाकडे नाही, ऑपरेटरकडे. दोन महिन्यांनी तक्ते गोळा केले, फीडरवार (वीज पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीनुसार) लावले, तर निम्म्याहून जास्त झटके एकाच फीडरवर आणि तेही पाऊस पडल्यानंतरच्या तासांत. कुठल्या तरी खोदकामात दुखावलेला एक केबल जॉइंट निघाला. तो दुरुस्त झाला. बाकीचा वीजप्रश्न आहे तसाच आहे, पण त्या फीडरवरचे वीस-बावीस सभासद तेव्हापासून प्रत्येक सभेला येतात.

त्या निमंत्रकांना वीज विषयातलं फार कळत नव्हतं. त्यांची निवड मी एकाच प्रश्नावर केली होती: "तुमच्या माघारी शॉप कोण बघतं?" ज्याच्याकडे भाऊ, मुलगा किंवा भरवशाचा सुपरवायझर आहे, तोच समिती चालवू शकतो. विषयातला जाणकार पण एकटा असलेला माणूस बैठकीतून दर दहा मिनिटांनी फोन घेऊन बाहेर जातो. त्याला सल्लागार म्हणून बोलवा, निमंत्रक करू नका.

तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे गुरुवारी. बैठका कायम दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला, दीड तास, नंतर वडापाव. आणि शिष्टमंडळंही गुरुवारीच, कारण कारखाने बंद असतात पण सरकारी कार्यालयं चालू. रविवारी बैठक ठेवणारी संघटना घरच्यांचे शिव्याशाप खाते आणि वर शिष्टमंडळासाठी लोकांचा कामाचा दिवसही मोडते.

गुरुवारवरून आठवलं. आयटीआयच्या मुलांना ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर धरता येत नाही, ही तक्रार तुमच्याकडेही असेल. आमच्या कौशल्य समितीनं वर्षभर अभ्यासक्रम लिहिला. सुंदर फाईल झाली. एक मूलही शिकलं नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, गुरुवारी आपली यंत्रं मोकळी, आयटीआय चालू, मग मुलांना शॉपमध्येच का आणू नये? आठ शॉप तयार झाले. पहिल्या गुरुवारी मुलं गणवेशात हजर, शिकवायला दोन जुने टर्नर हजर, आणि देखभालीसाठी वीज बंद. सुट्टीचा वार, म्हणून देखभालही त्याच दिवशी! त्या दिवशी मुलांनी फक्त व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळले, तीन तास. खरं सांगतो, सगळ्यात उपयोगी धडा तोच झाला. पुढे बंदचे गुरुवार आधी विचारून त्या दिवशी मोजमाप, बाकीच्या दिवशी मशीन, असं बसवलं.

थकीत पेमेंट हा विषय तुमच्या आराखड्यात कुणीतरी घालणारच. इथं सावध राहा. आम्ही समिती नेमली, तक्रारपेटी ठेवली. तीन महिन्यांत एकही लेखी तक्रार आली नाही, आणि चहाच्या टपरीवर मात्र दुसरा विषय नाही. कारण उघड आहे. डाय आणि फिक्स्चर, म्हणजे साचा आणि जॉब धरायची पकड, ग्राहकाचं असतं. तक्रार केली तर टेम्पो येतो, फिक्स्चर उचलून नेतो, आणि काम शेजारच्या गाळ्यात जातं. शेजारीही आपलाच सभासद. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ज्यांच्याकडे लहान सभासदांचे पैसे अडकले होते, त्यातले दोघे आमच्याच कार्यकारिणीत बसत होते. एकाच टेबलाला देणेकरी आणि घेणेकरी. त्या टेबलावर "एकमताने" काय मंजूर होणार?

कायदा बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, मासिक चक्रवाढीनं व्याज. त्यात आणखी ४३बी(एच) म्हणून गाजलेली प्राप्तिकरातली तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. पण कायदा माहीत असणं आणि ग्राहकाविरुद्ध सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवणं यात शॉप चालवणाऱ्याच्या दृष्टीनं मोठं अंतर आहे.

म्हणून आम्ही तक्रारपेटी काढली आणि बिलाकडे वळलो. उद्यम नोंदणीचा (लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) क्रमांक प्रत्येक बिलावर आणि चलनावर छापायला लावला. निम्म्या लोकांकडे नोंदणी होती, पण बिलावर क्रमांक नव्हता. काहींची नोंदणी व्यापार या गटात झालेली होती, आणि व्यापाऱ्याला या तरतुदीचा लाभ नाही, मध्यम उद्योगालाही नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरतात, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. मग चलनावर तारखेसह सही-शिक्का घ्यायची सवय लावली. आणि कार्यकारिणीत हा विषय आला की ज्यांचा संबंध आहे त्यांनी बाहेर जायचं, तशी इतिवृत्तात नोंद. एक जण कायमचे रागावले. दुसऱ्यांनी पुढच्या तिमाहीत बहुतेक थकबाकी फेडली. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संघटना कुणाचे पैसे वसूल करून देईल असं आश्वासन मात्र कधीही देऊ नका.

याच्याच जोडीला येणारी सूचना: "सगळ्यांनी मिळून तासाचा दर ठरवू, त्याच्याखाली कुणी काम घ्यायचं नाही." स्टील महागलं की हमखास येते, टाळ्याही मिळतात. सचिव म्हणून तुम्ही ती तिथंच थांबवा. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात संघटनेनं मिळून भाव ठरवणं येतं, आणि दंड संघटनेलाही होऊ शकतो. तासाचा खर्च कसा काढायचा, म्हणजे मशीनचा घसारा, वीज, इन्सर्ट, ऑपरेटर, शॉपचं भाडं, हे शिकवा. आकडा ज्यानं त्यानं आपापल्या घरी काढावा. व्हॉट्सॲप गटावरही दराची भाषा नको. तो गट म्हणजे आपल्याच हातानं लिहिलेला पुरावा.

पैशांचं थोडक्यात. कार्यालयाचा पगार, भाडं, लेखापरीक्षण हे वर्गणीतूनच भागलं पाहिजे. प्रदर्शनाच्या स्टॉलमधून किंवा स्मरणिकेच्या जाहिरातींतून आलेलं शिल्लक रोजच्या खर्चाला लावलं, की ज्या वर्षी प्रदर्शन बसतं त्या वर्षी कार्यालय बसतं. वर्गणी, जाहिराती, स्टॉल अशी सगळी मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांवर जात असेल, तर जीएसटीबद्दल सीएंशी बोला. सभासद आणि संघटना एकच, म्हणून कर नाही, हा जुना युक्तिवाद २०२१ च्या दुरुस्तीनंतर भरवशाचा राहिलेला नाही. आणि कार्यालयात जे कोणी आवक-जावक सांभाळत असेल, त्यांचा पगार प्रोजेक्टर घेण्याआधी वाढवा. आमच्या मॅडमना एकवीस वर्षांची प्रत्येक फाईल कुठे आहे ते पाठ होतं. त्या दोन महिने रजेवर गेल्या, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष खरे कोण ते सगळ्यांना कळलं.

यंदा हे सगळं जमणार नाही, आणि जमवायला जाऊही नका. एक समिती निवडा, जिथं दोन महिन्यांत आकडे गोळा होतील अशी. सभासदांना तारखांचे निरोप सुरू करा. इतिवृत्तात नावं घाला. अध्यक्षांना आराखडा म्हणून एकच पान द्या: डावीकडे समोरच्यांच्या तारखा, उजवीकडे आपल्यातला कोण. क्रिकेटचे सामने राहू द्या, त्यात तरुण मुलं येतात, आणि पुढचे निमंत्रक तिथंच सापडतात.

एक मात्र आज, आत्ता बघा. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल, तर कार्यकारिणी बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक कधी झाली ते तुमच्या प्रश्नात नाही. मागच्या कार्यकारिणीचा बदल अर्ज तरी मंजूर झालाय का, तेही त्याच फायलीत बघा. आमचा तीन कार्यकारिणींपासून लोंबकळत होता, आणि ते आम्हाला बँकेनं खात्यावरच्या सह्या बदलायला नकार दिला तेव्हा कळलं.